दम धर

पहाटे 4:45

चूल पेटली आहे. मामी तांदळाच्या भाकऱ्या करतायत. मामा अंगणात उकिडवे बसून खिसे रिकामे करतात. तंबाखूची डबी, किल्ली, सुटे पैसे. नाणी मोजून रुमालात ठेवतात आणि गच्च गाठ मारतात. 36 रुपये. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात, सदऱ्याच्या आत. मोबाइल मुका. मग उभे राहून जागच्या जागी दोन उड्या मारतात. काहीच वाजत नाही. "आता निघायला हरकत नाही," म्हणतात.

आरे कॉलनीतला हा वारली पाडा. मागच्या अंगाला म्हशींचा तबेला, पुढच्या अंगाला रान. मामांनी पंचावन्नी ओलांडली आहे. काम फासे काढायचं. रानात कुणी लावून ठेवलेले तारेचे फासे शोधायचे, कापायचे, मोजून जमा करायचे. रोजंदारी 500 रुपये. महिन्यात वीस-बावीस हजेऱ्या भरतात. बाकीच्या दिवशी मिळेल ते. तण काढणं, कुणाच्या घराचं छप्पर शाकारणं.

पहाटे 5:10

पिशवी भरतात. तार तोडायचं कटर. गोरेगावच्या बाजारातून 380 रुपयांना स्वतः घेतलेलं. पक्कड. कोयता, पातं फडक्यात गुंडाळलेलं. पाण्याच्या दोन बाटल्या. काठोकाठ भरलेल्या, म्हणजे चालताना पाणी डुचमळत नाही. सर्वात खाली मामीच्या जुन्या लुगड्याचा काळा तुकडा, दुहेरी शिवलेला. तो जनावराच्या डोळ्यांवर घालायला. दोन वर्षांत तीनदा लागला.

भाचा येतो. एकोणीस वर्षांचा. कामावर लागून तिसरा आठवडा. पायात नवे बूट, 650 रुपयांचे. मामा त्याला उडी मारायला लावतात. खिशात चाव्यांचा जुडगा खणखणतो. मामा नुसते बघतात. भाचा जुडगा मामीकडे देतो.

पहाटे 5:50

आज त्यांच्याबरोबर मीही आहे. डांबरी रस्त्यावर मात्र मामा मोठ्याने बोलतात. भाच्याला मोबाइलवर गाणं लावायला सांगतात. बॅटरीचा झोत रस्त्याकडेच्या गवतावर फिरवत चालतात. बिबट्याला आपण येतोय हे कळलं की तो बाजूला होतो. अंधारात मुकाट, वाकून चालणारा माणूस त्याला माणूस वाटत नाही. 2021 च्या सप्टेंबरात इथेच एका वयस्कर बाईवर बिबट्याने झडप घातली. तिने हातातल्या काठीने त्याला हाकललं. पुढच्या वर्षी, ऐन दिवाळीत, सोळा महिन्यांची मुलगी गेली. तेव्हापासून पाड्यावरचं कुणी पहाटे एकटं बाहेर पडत नाही.

तबेल्यासमोर टेम्पो उभा आहे. दुधाचे कॅन चढतायत. म्हशींचा, शेणाचा, ओल्या पेंढ्याचा वास. 1951 च्या मार्चमध्ये नेहरूंच्या हस्ते ही दूध वसाहत सुरू झाली. शहरातले गोठे उचलून इथे आणले, त्यांच्यासाठी 32 युनिटं बांधली. पाडे त्याच्याही आधीचे. टपरीवर तीन कटिंग. 30 रुपये. ते मी देतो. रुमालाची गाठ सोडायची नाही, असा मामांचा नियम आहे.

सकाळी 6:35

चौकीवर वनरक्षक भेटतात. वहीत चौघांची नावं, वेळ, कुठून कुठे जाणार ते लिहितात. मग डांबर सोडून पायवाट. इथून गाणं बंद, बोलणं बंद. फासे लावणारा सकाळी फासे बघायला येतो. तो सापडला तर याच वेळी सापडेल.

मामांनी आयुष्यात हरीण मारलेलं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. शिकार बंद झाली तेव्हा मामा लहान होते. कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. फासा लावणं, हाका करणं, आमिष ठेवणं, तसा प्रयत्न करणं, हीसुद्धा शिकारच. पण मामांच्या आज्याने त्यापूर्वी पुष्कळ शिकार केली होती. म्हातारपणी तो नातवाला घेऊन पाणवठ्यावर बसायला जायचा. हातात हत्यार नसायचं. नुसतं बसायचं. चितळं यायची, पाणी प्यायची, जायची.

"आज्या सांगायचा, पहिलं चितळ समोर आलं तेव्हा माझ्या हातातला तीर गळून पडला," मामा चौकीवर म्हणाले होते. "कापरं भरलं. दात वाजायला लागले. चितळानं ऐकलं नि गेलं."

सकाळी 7:20

सूर्य नुकताच वर आलाय. फासे शोधायचा हाच तास. उन्हाची तिरीप आडवी येते आणि तार क्षणभर चमकते. दहा वाजले की ऊन डोक्यावर, मग तार आणि वेल सारखेच दिसतात.

मामा तार शोधत नाहीत. आधी काटक्या बघतात. जनावराच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना कुणी काटक्या रोवून वाट चिंचोळी केलीय का. झाडाच्या बुंध्याची साल घासलीय का. ताजी तोडलेली फांदी आहे का. एका ऐनाच्या बुंध्याशी ते थांबतात. बोट दाखवतात. मला काही दिसत नाही. मग दिसतं. मोटरसायकलच्या ब्रेकची केबल. एका टोकाला बारीक डोळा, त्यातून दुसरं टोक ओवून केलेला गोल. जमिनीपासून वीतभर वर. डुकरासाठी लावलेला. पण वाट सगळ्यांचीच असते.

भाचा झेप घालून केबल ओढतो. मामा त्याचं मनगट धरतात. पायाकडे खूण करतात. भाच्याच्या बुटापासून दोन पावलांवर दुसरा फासा. फासे एकटे नसतात. एक सापडला की जागेवर उभं राहायचं, मान वळवून चारी दिशा बघायच्या, मगच हात घालायचा. अर्ध्या तासात त्या एका वाटेवर पाच सापडतात. वनरक्षक प्रत्येक जागेचा फोटो काढतात, मोबाइलवर ठिकाण नोंदवतात. मामा कापतात. कटरचे दांडे फडक्यात धरून दाबतात. कट्‌ असा आवाज फडक्यातच मरतो.

शेजारी फिल्मसिटी आहे. डिसेंबर 2018 मध्ये तिथे असल्याच फाशांत एक बिबट्या आणि एक सांबर मेले. गॅरेजच्या कचऱ्यात ही केबल फुकट मिळते.

सकाळी 8:05

मामा हात वर करतात. सगळे थांबतो. मामा चिमूटभर धूळ सोडतात. ती आमच्याकडे येते. वारा समोरून आहे.

पन्नास पावलांवर सुक्या गवतात चितळं. एक नर, मागे माद्या. नर मान खाली घालून चरतोय. मान वर करतो तेव्हा शिंगं उन्हात येतात. माझ्या कानात माझंच काळीज वाजतंय. भाच्याकडे बघतो. त्याच्या मानेची शीर उडतेय. हात खिशाकडे निघालाय, मोबाइलसाठी. बोटं थरथरतायत.

मामा दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवतात. नाडी बघावी तशी. ओठ भाच्याच्या कानाशी. मी लागूनच उभा आहे म्हणून ऐकू येतं.

"दात सैल सोड. बुटात बोटं हलव. शिंगाकडं नको बघू. पायाजवळच्या गवताकडं बघ."

भाचा श्वास रोखून धरतो. मामा मान हलवतात. नाही. तोंड किंचित उघडून हळूहळू श्वास सोडून दाखवतात. आत घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट बाहेर सोडायला. एकदा. दोनदा. भाचा तसं करतो. पाचव्या श्वासाला खांदे खाली येतात.

चितळं चार मिनिटं दिसतात. मग नराचे कान एकाएकी मागे वळतात. पुढचा पाय तो जमिनीवर आपटतो. आमच्यामुळे नाही. आमच्या उजवीकडून, उतारावरून, काहीतरी धडपडल्याचा आवाज आलाय. कळप उधळतो.

मामा म्हणतात, "दम धर म्हणजे श्वास कोंडायचा नाही. कोंडला की छाती आणखी वाजते. दम म्हणजे धीर." मग आवाजाच्या दिशेने वळतात.

सकाळी 8:30

माळाच्या उतारावर चितळाची मादी. मागच्या डाव्या पायात फासा. केबलचं दुसरं टोक पळसाच्या बुंध्याला. ती उडी घेते, केबल ताणली जाते, ती आपटते. उठते. पुन्हा उडी.

आपण धावत जावं असं वाटतं. शरीर आपोआप पुढे होतं. वनरक्षक आडवा हात करतात आणि आम्हाला झाडामागे बसवतात. बोरिवलीला, राष्ट्रीय उद्यानातल्या बचाव पथकाला फोन लावतात. कुजबुजत बोलतात. फोन ठेवून आम्हाला सांगतात. डॉक्टर निघतायत, तासभर तरी लागेल. तोवर लांब राहायचं. पण ती उड्या मारतच राहिली तर डोळे झाका, बसवा, तार कापा, बाकी काही करू नका.

जुनी माणसं म्हणत, हरणाचं काळीज फुटतं. पशुवैद्य त्याचा उलगडा करतात. पकडलेलं हरीण जिवाच्या आकांताने झटापट करतं. अंगाचं तापमान चढतं, स्नायू आतल्या आत मोडायला लागतात, त्यातली घाण रक्तात उतरते, मूत्रपिंडं बंद पडतात. ते तिथल्या तिथे मरतं किंवा सुटून गेल्यावर दोन-चार दिवसांनी, एखाद्या झुडपात. जखम बोटभर असली तरी मरतं. त्याला भीती पुरते. म्हणून इथे माणसाने शांत राहणं हे औषधाइतकंच गरजेचं. आपली घाई त्याच्या रक्तात जाते.

पाच मिनिटं बघतो. ती थांबत नाही.

सकाळी 8:38

मामा बूट काढतात. पिशवीतून काळा तुकडा काढून डाव्या हातात, कटर कमरेला. सरळ जात नाहीत. वळसा घालून, वारा अंगावर घेत, तिच्या पाठीमागून. तिचा कान वळला की थांबतात. एक पाय हवेत असला तर हवेतच. कान परत फिरला की पाय खाली. आधी चवडा, मग टाच. वीस पावलांचं अंतर. मी घड्याळ बघतो. अकरा मिनिटं.

आज्या हरणाजवळ असाच जात असेल.

इकडे रस्त्याच्या बाजूने आवाज. मोटरसायकल लावून दोन तरुण येतायत, हातात मोबाइल. "काय झालं? बिबट्या का?" भाचा उठतो. मी त्याचे हात बघतो. अजून थरथरतायत. पण तो त्यांच्यासमोर जाऊन दोन्ही हात जोडतो आणि इतक्या हळू बोलतो की त्यांनाही हळू बोलावं लागतं. "दादा, हरीण आहे. आवाज झाला तर मरेल." दोघे खाली बसतात. मोबाइल खिशात जातात.

सकाळी 8:50

मामा तिच्या पाठीवर हलकेच ओणवे होतात. एका झटक्यात काळं कापड डोळ्यांवर, गाठ कानामागे. वनरक्षक तोवर जवळ पोचलेत, पुठ्ठ्यावर वजन देतात. ती एकदा जोरात धडपडते. मग अंधार झाल्यावर एकदम थांबते. दिवा मालवावा तशी.

तिला आडवं पडू देत नाहीत. छातीवर बसवतात, पाय अंगाखाली, मान वर. रवंथ करणारं जनावर आडवं पडलं की पोट फुगतं, पोटातलं तोंडात येतं, ते श्वासनळीत जाऊ शकतं. मामा हनुवटी मांडीवर घेतात. दुसरा हात कटरकडे. केबल कातडीत रुतलीय. मामा पक्कडीचं टोक केबलखाली सरकवतात, कातडी आणि तार यांच्यामध्ये, मग कटर. कट्‌. फासा सुटतो.

कुणी बोलत नाही. मामांचा श्वास तेवढा ऐकू येतो. आत थोडा, बाहेर लांब. तिच्या बरगड्या त्याच्या तिप्पट वेगाने हलतायत. भाचा बाटली घेऊन गुडघ्यांवर सरकत येतो, पोटावर आणि मांड्यांच्या आत पाणी ओततो. कुणी सांगितलेलं नाही. बाटली गळ्यापाशी धरलीय, गुडगुड होऊ नये म्हणून.

सकाळी 9:35

डॉक्टर पोचतात. गाडी रस्त्यावर सोडून पायी आलेत. दोन मदतनीस, एक पेटी. थर्मामीटर लावतात. 40.6. "41 च्या वर गेलं असतं तर अवघड होतं," हळू म्हणतात. जखम बघतात. कातडी कापलीय, स्नायूला थोडं लागलंय, हाड शाबूत. जखम धुतात. वेदनेचं एक इंजेक्शन, प्रतिजैविकाचं एक, जखमेवर फवारा. पाय हलवून बघतात. सगळं मिळून नऊ मिनिटं.

दवाखान्यात न्यायचं का, असा प्रश्न वनरक्षक डोळ्यांनीच विचारतात. डॉक्टर मान हलवतात. गाडी, पिंजरा, माणसं, हे तिला जखमेपेक्षा जास्त सोसावं लागेल. इथेच सोडू.

सगळे मागे सरतो, पंधरा-वीस पावलं, एकाच बाजूला. दुसरी बाजू, रानाकडची, मोकळी. मामा एकटे तिच्याजवळ. गाठ सोडतात, कापड उचलतात आणि बसल्या जागीच मागे कलतात. ती तशीच बसून राहते. कान फिरतात. मग उठते, डावा पाय उचलून तीन पायांवर चार उड्या, पाचवीला चौथा पाय टेकतो. गवत हलतं. थांबतं.

सकाळी 10:15

पंचनामा. केबल, तिची लांबी, बुंधा, वेळ. तिघांच्या सह्या. मामा मराठीत पूर्ण नाव लिहितात, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं.

मग झाडाखाली भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. मामा भाकरीचा तुकडा मोडायला जातात आणि तो हातातून पडतो. हात कापतायत. दोन्ही. कोपरापासून. मामा हात मांडीवर ठेवतात आणि कापू देतात.

भाचा बघत राहतो. "मामा, तुम्हालापण?"

"मग? कापरं सगळ्यांना येतं. आज्यालाही मरेपर्यंत यायचं." मामा हाताकडे बघतच बोलतात. "त्याला हाकलायचं नाही. त्याला सांगायचं, काम होऊ दे, मग ये. ऐकतं ते."

दहा मिनिटांत हात थांबतात. मग तीन भाकऱ्या खातात.

दुपारी 1:00

चौकीवर फासे जमा. नऊ. वनरक्षक पोत्यावर चिठ्ठी लावतात. मामांची हजेरी भरली. 500. भाच्याचीही तेवढीच. भाच्याच्या नव्या बुटाचा तळ एका बाजूने उसवलाय. चांभार 40 रुपये घेईल. काळ्या तुकड्याला रक्त आणि लाळ लागलीय. मामा तो चौकीच्या नळाखाली धुतात, पिळतात, कुंपणावर वाळत घालतात. वाळेपर्यंत तिथेच पाय पसरून झोपतात.

दुपारी 4:10

मामी गोरेगाव स्टेशनाबाहेरून परत येतात. सकाळी पालेभाजीच्या 40 जुड्या नेल्या होत्या, 15 रुपयांना एक. 34 खपल्या. 510 रुपये. जाऊन-येऊन बसचे 20. उरलेल्या सहा जुड्यांतल्या दोन शेजारणीला, चार घरात. मामी मामांच्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "कापड लागलं?" मामा मान डोलावतात. "जगली?" मामा खांदे उडवत नाहीत, मानही हलवत नाहीत. कोयत्याला तेल लावतात.

संध्याकाळी 5:30

हजेरी संपलीय. या फेरीचे पैसे नाहीत. मामा आणि भाचा तरी निघतात. मीही.

पळसाजवळ रक्ताचे दोन वाळलेले थेंब. त्यापुढे मऊ मातीत खूर. मामा काटकी घेऊन एकेक खूर दाखवतात. उजवा पुढचा, डावा पुढचा, उजवा मागचा, तिन्ही खोल. चौथा उथळ, पुढे माती खरवडलेली. पाय टेकतेय, पण पूर्ण भार देत नाही. शंभर पावलांवर लेंड्या. मामा बोटाने दाबून बघतात. मऊ. इथे उभी राहिली होती, चरली होती. गवताची टोकं तोडलेली.

त्यापुढे दगडाळ जमीन, माग संपतो. मामा दगडावर टेकतात. सूर्य मावळायला अर्धा तास आहे. मोठ्याने काही बोलत नाही कुणी. भाचा श्वास लांब सोडतोय, स्वतःशीच. गवताकडे बघतोय.

काही येत नाही. एक मोर ओरडतो. लांब हायवेचा घरघराट.

"चार दिवस यावं लागेल," मामा उठत म्हणतात. "चार दिवसांत कुठं कावळे-घारी उतरल्या नाहीत, तर जगली."

अंधार पडायला लागलाय. डांबरी लागल्याबरोबर भाचा गाणं लावतो, मामा बॅटरी गवतावर फिरवतात आणि पुन्हा मोठ्याने बोलायला लागतात. बुटाच्या तळाबद्दल. टपरीवर थांबून मामा रुमालाची गाठ दातांनी सोडतात आणि 30 रुपये मोजून देतात. तीन कटिंग.